मुरणांक एकाहत्तर

लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर पत्रिकेच्या रकान्याखाली आणखी एक रकाना आला, तेव्हा डॉक्टर वैजयंती लांजेवार पोट धरून हसल्या होत्या. रास, उंची, पगार, आणि त्याखाली ‘वाहनाचा मुरणांक’. काही घरं तर सरळच लिहीत, की मुलाचा मुरणांक एकशे तीसच्या वर असावा, पत्रिका पाहणार नाही. पत्रिका पाहणार नाही हे वाक्य लोक मोठ्या पुरोगामी ऐटीत लिहीत.

हसायचा हक्क वैजयंतीबाईंना इतरांपेक्षा जास्त होता, कारण मुरणांक हा शब्दच त्यांचा. नागपूरच्या खनिज संशोधन केंद्रात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं मँगनीजच्या ऑक्साइडवर घालवली होती. बॅटरी चार्ज होते म्हणजे लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडमधून निघून दुसऱ्यात मुक्कामाला जातात, आणि गाडी चालवताना ते परत फिरतात. मुक्कामाच्या या इलेक्ट्रोडसाठी पूर्वी ग्राफाइट वापरत. ग्राफाइट सज्जन, पण त्याच्या घरात जागा बेताची. मँगनीजच्या ऑक्साइडमध्ये जागा दुप्पट, मात्र पाहुणे आले की ते फुगतं, गेले की आक्रसतं, आणि थोड्याच दिवसांत त्याचा भुगा होतो.

वैजयंतीबाईंनी त्याच ऑक्साइडच्या पोकळ नळ्या घडवल्या. एका केसाच्या जाडीवर शेकड्यांनी शेजारी-शेजारी मावतील इतक्या त्या बारीक होत्या, आणि कार्बनच्या जाळीत त्या गुंफलेल्या होत्या. आत पोकळी असल्यामुळे फुगायला जागा झाली. पण खरी गंमत पुढं होती. नळ्यांच्या भिंतींना तडे जातच होते, फक्त आता तुकडे जाळीला धरून राहत होते, आणि प्रत्येक तड्याबरोबर लिथियमला बसायला नवा पृष्ठभाग मिळत होता. म्हणजे ही बॅटरी वापरून झिजायची नाही, सुधारायची. अट एकच. तडे सावकाश जायला हवेत. नवी गाडी सुरुवातीलाच दामटली, घाईघाईनं चार्ज केली, की भिंती एकदम ढासळतात आणि तुकडे जाळीपासून सुटून निकामी पडून राहतात.

कोऱ्या बॅटरीची क्षमता शंभर धरायची. नीट वापरली तर ती दीडशेपर्यंत चढते, दामटली तर सत्तरीवर येते. लोणचं मुरतं तशी ही मुरते, म्हणून या आकड्याला त्यांनी मुरणांक म्हटलं. आता खरी क्षमता मोजायची तर बॅटरी अगदी संथपणे पूर्ण रिकामी करावी लागते आणि त्यात अख्खा दिवस जातो. तेवढा वेळ कुणाला आहे? म्हणून त्यांनी एक सूत्र बांधलं. पहिल्या शंभर चार्जिंगमध्ये व्होल्टेज कसं चढलं-उतरलं यावरून गाडीतली चिप मुरणांक काढते आणि डॅशबोर्डवर दाखवते. जे तुकडे पहिल्या शंभरात सुटले ते कायमचे सुटले, असं त्या सूत्रात गृहीत होतं. विद्यार्थी त्याला शंभरीचा नियम म्हणत.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण पहिली गाडी बाजारात आली त्या समारंभात एका पत्रकारानं विचारलं, ही बॅटरी नेमकी वेगळी कशी, आणि वैजयंतीबाई हसत म्हणून गेल्या, “ही मालकाचा स्वभाव दाखवते म्हणा ना.” झालं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य मथळ्यात. वर्षभरात मुलीकडची माणसं चहाचा कप हातात घेऊन मुलाची गाडी बघायला अंगणात उतरू लागली. उतावळा कोण, सोशिक कोण, हे डॅशबोर्डवर ठरू लागलं. फुटाळा तलावाभोवती सकाळी दुसऱ्यांच्या नव्या गाड्या कासवाच्या चालीनं फिरवून मुरवून देणारे लोक दिसायला लागले, आणि त्यांचा धंदा जोरात चालला.

वैजयंतीबाई व्याख्यानांतून या खुळाची टर उडवत. हेमराज कापगते त्यांच्या घरी आला तोवर.

ऋजुता ही त्यांची एकुलती एक मुलगी. भंडारा जिल्ह्यात मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातले शेकडो तलाव आहेत. त्यांतल्या पाणवनस्पतींवर ती संशोधन करत होती. हेमराज तुमसरचा, स्थापत्य अभियंता, याच तलावांचे बांध आणि सांडवे दुरुस्त करण्याच्या कामावर होता. दोघांची ओळख गुडघाभर चिखलात झाली होती आणि आता दोघांना लग्न करायचं होतं. मार्चच्या शेवटी एका रविवारी तो मोटरसायकलवरून नागपूरला आला. येताना चिन्नोर तांदळाची एक पिशवी घेऊन आला. बोलायला मोजका होता, पण ऋजुताचे वडील मोरेश्वर यांनी बुद्धिबळाचा विषय काढला तेव्हा खुलला. मोरेश्वर शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. पाहुणा बुद्धिबळ खेळतो म्हटल्यावर त्यांनी स्वयंपाकघर सोडून पटच मांडला.

डाव रंगात आला तेव्हा वैजयंतीबाई फाटक लावायला म्हणून बाहेर गेल्या. हेमराजची गाडी कडुनिंबाखाली उभी होती. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात हिरवट आकडा होता, एकाहत्तर.

एकाहत्तर म्हणजे जवळजवळ तळ. त्यांच्या नियमानुसार या माणसानं नवी कोरी गाडी पहिल्या शंभर चार्जिंगमध्ये अशी पिळली होती, की तिचा कणा मोडला होता.

पाहुणा गेल्यावर मोरेश्वरांनी पट आवरता आवरता विचारलं, “काय वैजू, पाहिली कुंडली?”

“मी फाटक लावायला गेले होते.”

“फाटक तर अजून सताड उघडं आहे.”

वैजयंतीबाईंनी आकडा सांगितला. मोरेश्वर बराच वेळ हसले. “माझ्या पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून तुझ्या वडिलांनी मला नकार दिला होता. तेव्हा तू चार दिवस जेवली नव्हतीस.”

“ते थोतांड होतं. हे मोजमाप आहे,” त्या म्हणाल्या. आपण काय बोललो हे त्यांना ऐकू आलं, पण वाक्य मागं घ्यावंसं वाटलं नाही. पोटच्या पोरीचा प्रश्न आला की माणसाचं शहाणपण गहाण पडतं, तसं त्यांचं झालं होतं. उतावळ्या, आडदांड माणसाशी संसार करताना कशी फरफट होते हे त्यांनी सख्ख्या बहिणीच्या घरी पाहिलं होतं. तो माणूसही चारचौघांत मोजकाच बोलायचा.

एप्रिलमध्ये हेमराजला प्रशिक्षणासाठी पुण्याला जायचं होतं. नागपूरहून रेल्वे होती. स्टेशनवर जाण्यापूर्वी तो घरी आला.

“काकू, पंधरा दिवस मोटरसायकल तुमच्याकडे ठेवू का? स्टँडवर उन्हात ठेवणं जिवावर येते.”

“ठेव की. त्यात विचारायचं काय?” वैजयंतीबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅटरी उघडली आणि ओळीतला एक सेल काढून घेतला. चोरी करतानासुद्धा त्यांचा काटेकोरपणा सुटला नाही. केंद्रात नमुन्यादाखल ठेवलेल्या, पूर्ण मोजून घेतलेल्या सेलमधून त्यांनी बरोबर एकाहत्तर क्षमतेचा एक निवडला आणि रिकाम्या जागी बसवला. सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यांत एखादा कमजोर असला तर तो आधी रिकामा होतो आणि सगळी बॅटरी बंद पडते. म्हणून जोडीला जोड हवी, हे त्या विसरल्या नाहीत.

काढलेला सेल त्यांनी आरगॉन वायूनं भरलेल्या काचपेटीत फोडला. हवेत लिथियम तग धरत नाही. इलेक्ट्रोडचा नखाएवढा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि पडद्यावर जे दिसलं त्यानं त्यांचा चेहरा उतरला. नळ्यांच्या भिंतींत उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या रुंद भेगा होत्या. या भेगा सुरुवातीच्याच, घाईच्याच. जे शोधायला गेलं ते सापडलं, की माणूस पुढं बघत नाही. वैजयंतीबाईंनीही पडदा बंद केला.

संध्याकाळी त्या ऋजुताला म्हणाल्या, “मुलगा चांगला आहे, पण तू थोडं थांब. एवढी काय घाई आहे?”

“दोन वर्षं ओळखते मी त्याला, आई.”

“दोन वर्षांत माणूस कळतो असं नाही. तो मला उतावळा वाटतो.”

“हेमराज? तो बुद्धिबळाची एक चाल करायला अर्धा तास घेतो. बाबा झोपले होते त्या दिवशी समोर.”

“माझं मन नाही म्हणतंय,” वैजयंतीबाई म्हणाल्या. मनाचं नाव पुढं करायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. ऋजुतानं आईकडे नवलानं पाहिलं. आईचा शब्द तिनं आजवर कधी सहज टाकला नव्हता, त्यामुळे तिनं थांबायचं कबूल केलं, पण तिचं जेवण अर्धंच राहिलं.

मे महिन्याच्या मध्यावर ती भंडाऱ्याहून अचानक घरी आली. चेहरा उन्हानं रापला होता. बूटही न काढता ती सरळ जेवणाच्या टेबलापाशी गेली आणि तिथं एक सेल उभा करून ठेवला. सेलच्या तळाशी खनिज संशोधन केंद्राचा शिक्का होता.

“काल तुमसरच्या रस्त्यावर गाडी बंद पडली,” ती म्हणाली. “डोक्यावर ऊन, आसपास झाड नाही. मोहाडीपर्यंत ढकलत नेली आम्ही. मेकॅनिकनं बॅटरी उघडली आणि म्हणाला, ‘ताई, बाकीचे सगळे एका घरचे हायेत, हा एकच पाहुणा हाय. यानंच घात केला.’ शिक्का मी ओळखला. हेमराजनंपण ओळखला.”

वैजयंतीबाईंनी सेल उचलून शिक्का पाहिला. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता आणि तशी त्यांना सवयही नव्हती.

“मी काढला त्याचा सेल,” त्या म्हणाल्या. “तपासायला.”

“त्यानं विश्वासानं ठेवलेल्या गाडीतून?”

“हो.”

मोरेश्वर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. ऋजुता रडली नाही, आवाजही चढवला नाही. “व्याख्यानात लोकांना हसवतेस तू,” एवढं म्हणून ती आपल्या खोलीत गेली.

शरमेनं वैजयंतीबाईंचे कान तापले होते. पण त्याच तापलेल्या डोक्यात एक प्रश्न ठाण मांडून बसला, आणि तो काही केल्या उठेना. बॅटरी बंद पडली कशी? बाकीचे सेल एकाहत्तरचे, हाही एकाहत्तरचा. घात व्हायला तो इतरांपेक्षा कमजोर असायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बंद दाराआडून विचारलं, “ऋजू, बंद पडली तेव्हा काटा कुठं होता?”

आतून उत्तर आलं. “शून्यावर. त्या गाडीचा काटा वेडा आहे. शून्यावर आला तरी ती पुढं तुमसरपर्यंत आरामात जाते. नेहमी जायची.”

वैजयंतीबाई तशाच केंद्रात गेल्या. मोहाडीहून बॅटरी मागवून घेतली आणि उरलेल्या सेलना ते केलं जे आधीच करायला हवं होतं. सूत्र बाजूला ठेवलं, सेल अगदी संथपणे रिकामे करायला लावले आणि खुर्ची ओढून बसल्या. दिवस संपला तेव्हा समोर आकडा होता, एकशे अडतीस.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मोजलं. तेच. काटा एकाहत्तरच्या हिशेबानं शून्यावर येत होता आणि बदली सेल नेमका तिथंच संपला होता. मग जुना नमुना पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, आणि या वेळी भेग दिसल्यावर थांबल्या नाहीत. भेगेच्या आत शिरल्या. तिथं, जिथं पोकळी असायला हवी होती, तिथं शेवाळासारखं काहीतरी पसरलेलं होतं. मँगनीजचे अतिसूक्ष्म कण एकाला एक चिकटून भेगेच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेले होते. सुटलेले तुकडे पुन्हा जाळीला जोडले गेले होते. चिपमधल्या जुन्या नोंदींवरून कारणही लक्षात आलं. ही बॅटरी गेली काही वर्षं अत्यंत क्षीण विजेवर चार्ज होत होती, तीही सलग नाही, थांबून थांबून. क्षीण प्रवाहात थोडं मँगनीज विरघळतं, प्रवाह थांबला की ते जवळच्या काठावर बसतं. पुन्हा प्रवाह, पुन्हा विसावा. असं करत तुटलेलं सांधत गेलं होतं.

शंभरीचा नियम चुकीचा होता. वैजयंतीबाईंना वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांना नाचावंसं वाटलं. मोडीत निघालेल्या, भंगारात पडलेल्या लाखो बॅटऱ्या नुसत्या संथ चार्जिंगनं उभ्या राहू शकत होत्या. आणि हेमराज उतावळा नव्हता. त्या घरी आल्या त्या जिना धावत चढूनच.

“ऋजू, मी चुकले. साफ चुकले. एकशे अडतीस आहे त्याचा खरा आकडा. माझं सूत्र खोटं पडलं, मुलगा खरा निघाला. माझी काही हरकत नाही आता. उद्या बोलाव त्याला, मी स्वतः माफी मागते.”

ऋजुता बॅग भरत होती. तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला.

“आणि खरोखर एकाहत्तर निघाला असता तर?”

वैजयंतीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

“तर नकोच होता ना तुला तो? परवापर्यंत आकडा वाईट म्हणून माणूस वाईट. आज आकडा चांगला म्हणून चांगला. आई, तू माझ्या लग्नाला हो म्हणावंस म्हणून मी थांबले नव्हते. तुला तो आवडावा म्हणून थांबले होते.”

ती त्याच दुपारी कामाच्या जागी निघून गेली. फोन घ्यायची, पण बोलणं जेवलीस का, बाबा कसे आहेत, एवढ्यावर संपायचं.

“बरोबर बोलली पोरगी,” मोरेश्वर एकदा भाजी निवडताना म्हणाले. “तुझ्या वडिलांनी पण पुढं मला पसंत केलं होतं. दुसऱ्या ज्योतिषानं मंगळ सौम्य आहे म्हणून सांगितल्यावर. लग्नात माझे पाय धुताना सगळ्यांना सांगत होते, मंगळ सौम्य निघाला बरं का. ती पसंती मला अजून गोड लागलेली नाही.”

हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. वैजयंतीबाईंनी पुढ्यातली मेथीची जुडी ओढून घेतली.

पुढचे दोन महिने त्यांनी प्रयोगशाळेत काढले. वेगवेगळ्या गाड्यांतले खराब सेल आणले, क्षीण विजेवर थांबून थांबून चार्ज केले, आणि एकेक करून बहुतेक वर आले. निष्कर्ष पक्का झाल्यावर बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांची ऑनलाइन बैठक बोलावली. पडद्यावरचे सगळे चेहरे खुलले होते.

“मॅडम, हे तर फारच छान,” विक्री सांभाळणारे एक गृहस्थ म्हणाले. “नवं सूत्र, नवा मुरणांक. ज्यांचा आकडा पडलाय त्या सगळ्यांना दुसरी संधी. लग्नाच्या बाजारात तर हे डोक्यावर घेतील.”

“सांधायची पद्धत प्रत्येक चार्जरमध्ये घाला. तिचे पैसे मी घेणार नाही,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “पण आकडा डॅशबोर्डवर यापुढं दिसणार नाही. दुरुस्तीच्या दुकानात मेकॅनिकला दिसेल, त्याला तो लागतो. इतर कुणालाच नाही.”

“पण मॅडम, ग्राहक विचारतील.”

“त्यांना सांगा, सूत्र बनवणाऱ्या बाईलाच तो आकडा वापरता आला नाही.”

गृहस्थ काहीतरी पुटपुटले. पण सूत्र वैजयंतीबाईंच्या नावावर होतं आणि ते कुठं दाखवायचं हे ठरवायचा अधिकारही करारानं त्यांचाच होता. त्या दिवशी त्यांना आपला जुना, ताठ आवाज परत सापडला. बातमी सगळीकडे झाली. फुटाळ्यावरच्या मंडळींनी त्यांच्या नावानं बोटं मोडली. ऋजुताचा फोन आला, “वाचलं मी. चांगलं केलंस,” ती म्हणाली, आणि मग पुन्हा, बाबा कसे आहेत.

जगाचा हिशेब मिटवून घरचा मिटत नाही, हे वैजयंतीबाईंना तेव्हा उमगलं. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात त्या एकट्याच तुमसरकडे निघाल्या.

तलाव तुडुंब भरला होता. ऋजुता दूर पाण्यात उभी राहून वनस्पतींचे नमुने गोळा करत होती. आईला पाहून तिनं हात केला, पण बाहेर आली नाही. हेमराज सांडव्यापाशी होता. त्यानं खुर्ची आणून दिली, पाणी दिलं आणि समोर उभा राहिला.

“हेमराज, मी तुझ्या गाडीतला सेल चोरला. तुला न विचारता फोडला. माझ्यामुळं तुम्हाला भर उन्हात गाडी ढकलावी लागली. मला माफ कर.”

“राग आला होता मले,” तो म्हणाला. “खूप. थोडा अजून पण आहे. काकू, तुम्ही मागितला असता तर मीच काढून दिला असता ना. एवढंच लागलं मनाला.”

वैजयंतीबाईंनी मान हलवली. थोड्या वेळानं त्यांच्यातली संशोधक हळूच वर आली. “गाडी चार्ज कुठं करतोस?”

त्यानं पंपघराच्या छपराकडे बोट दाखवलं. तिथं एक लहानसं, जुनं सौर पॅनल होतं आणि त्यावर चिंचेची सावली हलत होती. ऊन आलं की वीज, फांदी हलली की बंद. वैजयंतीबाई त्या पॅनलकडे बघतच राहिल्या. लाखो रुपयांच्या यंत्रावर त्यांनी जे साधलं होतं ते इथं चिंचेचं झाड फुकटात करत होतं.

“फांदी तोडायची म्हणत होतो,” हेमराज म्हणाला. “आळस केला.”

“आणि सुरुवातीला? पहिल्या काही महिन्यांत एवढी पिळली होतीस गाडी. काही कारण होतं का? कुणी आजारी वगैरे?”

तो ओशाळला. “कारण काय बाप्पा? गाडी नवीन होती, मी तेवीस वर्षांचा होतो. पळवली. साऱ्या तुमसरला दाखवत फिरलो. मग इथं काम लागलं. बांधावरून गाडी पळतच नाही, पळवली तर पाण्यात जाते. माझ्यात काही सुधारणा झाली असं समजू नका, रस्ताच तसा आहे.”

वैजयंतीबाईंना हसू आलं. “मुरणांकामुळं तुला त्रास झाला का रे कधी?”

“दोन ठिकाणाहून नकार आला होता, ऋजुता भेटायच्या आधी. मग आईनं त्या आकड्यावर गणपतीचा स्टिकर लावला. तुमच्याकडे यायचं होतं त्या दिवशी सकाळी मीच तो खरवडून काढला. म्हटलं, ज्यांनी बनवलं त्यांच्यापासून काय लपवायचं?”

वैजयंतीबाईंनी पेला खाली ठेवला. फाटक लावायच्या निमित्तानं चोरून पाहिलेला आकडा मुलानं त्यांच्यासाठी मुद्दाम उघडा ठेवला होता. डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. हेमराज घटकाभर घुटमळला. त्यांना एकटं बसू द्यावं हे त्याला कळलं, आणि तो सांडव्याकडे कामाला गेला.

बऱ्याच वेळानं ऋजुता पाण्यातून वर आली. हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. ती खुर्चीशेजारी बांधावरच बसली.

“बोललीस त्याच्याशी?”

“बोलले.”

“मग?”

“मला आवडला तो.”

ऋजुतानं मान वळवून आईकडे पाहिलं. “काय आवडलं?”

वैजयंतीबाई विचार करू लागल्या. राग आला तर आला म्हणतो, हे? पाण्याचा पेला आधी पुढं केला, हे? न विचारता आपल्या चुका सांगतो, हे? एकेक कारण त्यांनी मनात उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. सगळी खरी होती, पण त्यांची बेरीज करून तो मुलगा होत नव्हता.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “आवडला.”

ऋजुतानं आपला चिखलाचा हात आईच्या स्वच्छ, इस्त्रीच्या साडीवर ठेवला.

“मलाही नाही माहीत,” ती म्हणाली.